नग कुणी निवडला?

भोसरी एमआयडीसीतल्या झिंक प्लेटिंगच्या एका छोट्या शॉपमध्ये मी इन्स्पेक्टर म्हणून लागलो, तेव्हा व्हर्नियर कसा धरायचा हे मला आधी कुणी शिकवलं नाही. आधी शिकवलं ते वर्तमानपत्र कसं पसरायचं. टेबलावर कालचा पेपर अंथरायचा, ट्यूबलाइट बरोबर वर येईल असं टेबल ओढायचं आणि त्यावर ब्रॅकेट मांडून एकेक फिरवून बघायचा. डाग दिसला की बाजूला. चमक कमी वाटली की बाजूला. शेवटी बारा उरले पाहिजेत. ते बारा मऊ कागदात गुंडाळून लॅबला पाठवायचे.

गंमत अशी की हे बारा रोजच्या मालातले नसायचेच. आमचं रोजचं काम बॅरलमध्ये चालायचं. बॅरल म्हणजे भोकं पाडलेलं प्लास्टिकचं पिंप. त्यात शेकडो ब्रॅकेट एकदम ओतायचे आणि पिंप द्रावणात गरगर फिरवायचं. ब्रॅकेट एकमेकांवर आपटायचे, दोन-दोन चिकटून बसायचे. कडांवर झिंकचा थर जाड बसायचा, खोबणीत नावाला. सॅम्पलचे ब्रॅकेट मात्र आम्ही रॅकला तारेनं एकेक टांगायचो, आंघोळ घातलेल्या पोरासारखे. वेळही जास्त द्यायचो. मीटर लावला की बॅरलच्या मालावर सहा-सात मायक्रॉन दिसायचे आणि सॅम्पलवर बारा. या नगांना आमच्याकडे 'गोल्डन सॅम्पल' म्हणायचे. हा शब्द मी त्या शॉपपुरताच समजत होतो. पुढे चाकणला गेलो, चांगल्या मोठ्या कंपनीत, तर तिथेही तोच शब्द.

लॅबमध्ये त्यांची सॉल्ट स्प्रे टेस्ट व्हायची. बंद पेटी, ३५ अंश तापमान, पाच टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा. आमच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं की ९६ तास पांढरा गंज दिसता कामा नये. आमचे बारा नग दीडशे तासांच्या जवळपास जायचे. रिपोर्ट यायचा, शिक्का, सही, लॅबच्या मान्यतेचा क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. साहेब तो फाइलला लावायचे आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर पक्की व्हायची.

मग एका पावसाळ्यात ज्यांना आम्ही माल द्यायचो त्या व्हेंडरकडून फोन आला. स्टोअरमध्ये पडलेल्या ब्रॅकेटवर पांढरी भुकटी धरली होती. सॉर्टिंगला माणूस पाठवा. माणूस म्हणजे मी. दोन दिवस त्यांच्या स्टोअरच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून मी खोकी उपसत होतो. चांगले इकडे, भुकटीवाले तिकडे. तिकडचा ढीग मोठा होत गेला. त्यांचा क्वालिटीचा माणूस भला होता. ओरडला नाही. फाइल घेऊन आला, आमचाच रिपोर्ट माझ्यासमोर धरला आणि अगदी तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. त्या इंग्रजी ओळीचा अर्थ असा होता: हे निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत, नमुना ग्राहकाने आणून दिला आहे.

मी ते रिपोर्ट कित्येकदा फाइलला लावले होते. ती ओळ कधी वाचली नव्हती.

लॅबनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते, आकडा फिरवला नव्हता. अशी ओळ लिहिणं मान्यताप्राप्त लॅबला बंधनकारकच असतं. पेटीतलं मीठ खरं, तास खरे, सही खरी. खोटं जे काय होतं ते लॅबच्या दारात पोचण्याआधीच, माझ्या टेबलावर, कालच्या पेपरावर झालं होतं. परत आल्यावर मी साहेबांना म्हणालो, की साहेब, निदान दोन नग तरी बॅरलचे पाठवूया. ते म्हणाले, "सॅम्पल म्हणजे सॅम्पल. लग्नात मुलगी दाखवताना घरातल्या साडीवर बसवतो का आपण?" मला दोन बहिणी होत्या. मी गप्प बसलो. पुढची दोन-तीन वर्षं पेपरही मीच पसरत होतो, हे सांगायला हवं.

पण तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठलाही 'टेस्टेड', 'सर्टिफाइड', 'नंबर वन' असा शिक्का दिसला की तपासणारा प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मला दुसरा सुचतो. पहिला सुचतो तो नग कुणी निवडला हा.

या खोडीपायी आमच्या कासारवाडीच्या घरात एकदा तमाशा झाला. वॉटर प्युरिफायर विकणारा एक मुलगा आला. टाय वगैरे लावलेला, एप्रिलचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. बायकोनं त्याला आत घेतलं. त्यानं ओट्यावर दोन ग्लास ठेवले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं शुद्ध पाणी. दोन्हीत एक यंत्र बुडवलं, लोखंडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या कांड्यांचं, आणि वायर प्लगला लावली. मिनिटभरात आमच्या ग्लासात तपकिरी-काळा गाळ उठला. त्याचं पाणी तसंच नितळ. "मावशी, हे तुम्ही रोज नातवाला पाजता," असं तो म्हणाला. बायकोचा चेहरा पडला.

मी तो गाळ ओळखला. आयुष्य ज्या टँकच्या काठावर गेलं तो टँकच त्यानं ग्लासात बसवला होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नव्हे, कांडीतली. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ. मी काही न बोलता डब्यातलं चिमूटभर मीठ त्याच्या ग्लासात टाकलं आणि म्हटलं, आता लाव. त्याचा ग्लास आमच्यापेक्षा काळा झाला.

मुलगा यंत्र पुसत राहिला. त्याच्या बॅगेत विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटरही होता. तो लावायला सांगितला तर आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा शंभराच्याही आत आला. आमचं पाणी पवनेचं. रावेतला उपसतात, निगडीला शुद्ध करतात. धरणाचं गोडं पाणी. भारतीय मानकात पाचशेपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही म्हटलं होतं की पाचशेच्या आत क्षार असतील तिथे आरओ यंत्रांना बंदी घाला. हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं. बायको आतून म्हणाली, "अहो, पुरे. त्याला कुणी शिकवलंय तेच तो करतोय." तिनं त्याला चहा दिला. त्याला खरंच माहीत नव्हतं, असं मला आजही वाटतं. मलाही ती ओळ माहीत नव्हतीच की.

चाकणला कंपनीची बस नाशिक फाट्यावरून सुटायची. भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, मग चाकण. बसमधला निम्मा माणूस कुठल्या ना कुठल्या गाडीचा एखादा तुकडा बनवणारा. कुणी सीटची पट्टी, कुणी वायपरचा हात, कुणी दाराची बिजागरी. त्यामुळे गाड्यांवरची मतं कडक आणि आपापल्या तुकड्यापुरती. ३१ जानेवारी २०१४ ला दिल्लीत ग्लोबल एनकॅपनं भारतीय गाड्यांच्या धडक चाचणीचे निकाल जाहीर केले, त्यानंतर आठवडाभर बसमध्ये दुसरा विषय नव्हता. ऑल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. ताशी ६४ किलोमीटरनं आदळवल्या, पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे.

त्यातली पोलो आमची. म्हणजे चाकणची. २००९ मध्ये इथेच फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला होता आणि बसमधल्या दोघा-तिघांच्या शॉपचा माल तिथे जात होता. एक जण चिडून म्हणाला, "त्यांनी मुद्दाम बिनएअरबॅगची उचलली. एअरबॅगवाली ठोका म्हणावं." आणि खरंच, कंपनीनं दोन एअरबॅगची पोलो चाचणीला दिली तर तिला चार तारे मिळाले. तोच सांगाडा, तोच कारखाना, एकदा शून्य आणि एकदा चार. बिनएअरबॅगची पोलो मग कंपनीनं भारतात विकणंच बंद केलं.

चिडणाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. त्यांनी मुद्दामच तसली गाडी घेतली होती. पण ही निवड आमच्या पेपरावरच्या निवडीच्या अगदी उलटी होती. आम्ही ढिगातला सगळ्यात देखणा नग काढायचो. यांनी किमतीच्या पाटीवर सगळ्यात खाली असलेली, म्हणजे हप्त्याचा हिशेब करून घरात येणारी गाडी उचलली. आपल्याकडे पोलो घेणारा दोन एअरबॅगांसाठी वरचे पैसे मोजेल की म्युझिक सिस्टिमसाठी, यावर बसमध्ये मतदान घेतलं असतं तर निकाल मला ठाऊक आहे.

मतदानावरून आठवलं. त्या चाचण्या झाल्या होत्या जर्मनीत, एडीएसी नावाच्या वाहनमालकांच्या प्रचंड मोठ्या संघटनेच्या लॅबमध्ये. आणि नेमक्या त्याच जानेवारीत त्या संघटनेची जर्मनीत अब्रू गेली. आपल्या मासिकाच्या वाचकांच्या आवडत्या गाडीला ती दरवर्षी एक पुरस्कार द्यायची. त्या वर्षी तो गोल्फला मिळाला. मतं सांगितली ३४,२९९. प्रत्यक्षात होती ३,४०९. पहिलं कोण ते बदललं नव्हतं, पण आकडा फुगवला होता. मासिकाचा प्रमुख गेला, पुढच्या महिन्यात संघटनेचा अध्यक्षही गेला. मी हे पेपरात वाचून बसमध्ये सांगितलं, तर एकानं लगेच निकाल दिला: "मग त्यांच्या धडकेवर तरी विश्वास कसा ठेवायचा?" मला ते पटलं नाही. धडकेचा व्हिडिओ आहे, पुतळ्याच्या छातीवर किती दाब आला त्याची नोंद आहे, दुसऱ्या लॅबला तीच गाडी पुन्हा आदळवून बघता येते. मतं कपाटात असतात आणि ती मोजणारा एकटा असतो. एकाच छपराखाली एक खोली स्वच्छ आणि दुसरी सडकी असू शकते. आमच्या शॉपमध्येही अकाउंट खातं एकदम चोख होतं.

त्याच बसच्या वाटेवर, भोसरीत नाशिक रस्त्याला सीआयआरटीचं आवार लागतं. केंद्रीय सडक परिवहन संस्था. वर्षानुवर्षं तिच्या कुंपणाकडे बघत मी जागा पकडून झोपलो आहे. २२ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींनी भारत एनकॅप जाहीर केलं, १ ऑक्टोबरपासून ते सुरू झालं, आणि त्याचं कामकाज याच संस्थेकडे आलं. आता आपल्या गाड्यांचे तारे आपल्याच दारात ठरतात म्हणायचं. मी निवृत्त झालो होतो, तरी खोड जाईना. पुतण्याला म्हटलं, नियम काढ आणि नग कोण निवडतो ते वाच. कंपनीनं स्वतःहून अर्ज करायचा, खर्च कंपनीचा, पण गाडी मात्र कारखान्यातून नाहीतर डीलरकडून संस्थेनं आपल्या मनानं उचलायची. हे वाचून मला बरं वाटलं. निदान पेपर दुसऱ्याच्या हातात गेला. मात्र परीक्षेला कोण बसणार ते बसणाराच ठरवतो. सगळ्यात आधी पाच तारे घेऊन आल्या त्या हॅरियर आणि सफारी, दोन्ही आमच्या पिंपरी-चिंचवडच्या. ज्यांनी अर्जच केला नाही त्या गाड्यांच्या काचेवर काही लिहिलेलं नसतं, आणि कोऱ्या काचेचा अर्थ गिऱ्हाईक 'ठीक असेल' असा लावतं.

मायलेजचं मी फार बोलत नाही. एआरएआय म्हणजे वेताळ टेकडीवरची ती संस्था १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून उभी केली. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या तालात चालवतात आणि आकडा काढतात. तो आकडा खोटा नाही. फक्त रोलरवर चाकणचा तळेगाव चौक नसतो. त्याच १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, तिचं 'कीमत' नावाचं मासिक निघतं. एका वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं. पहिल्याचं नाव गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. दुसरीचं नाव आमच्या बसमध्ये एकालाही माहीत नव्हतं, मलाही ते फार उशिरा कळलं.

आता पुतण्या. हिंजवडीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी दुचाक्यांचे व्हिडिओ करतो. हजारो लोक बघतात. एका इलेक्ट्रिक स्कूटरची त्यानं भरभरून तारीफ केली, तेव्हा मी त्याला विचारलं, की पैसे घेतलेस का?

"काका, एक रुपया नाही. आणि घेतले असते तर सांगावंच लागतं आता. २०२३ पासून सरकारचे नियम आहेत, पैसे सोडा, नुसती भेटवस्तू मिळाली तरी व्हिडिओत स्पष्ट सांगायचं."

"बरं. स्कूटर कुठून आणलीस?"

"कंपनीनं दिली. चार दिवस."

"कंपनीच्या गेटातून?"

तो हसला. त्याला पेपराची गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकवली आहे. बसमधला माझा एक जुना सोबती दुसऱ्या एका दुचाकी कंपनीत होता. पत्रकारांना द्यायच्या गाड्यांवर एक हुशार फिटर अर्धा-अर्धा दिवस बसायचा, हे तो अभिमानानं सांगायचा. ब्रेक, हवा, प्रत्येक बोल्टचा टॉर्क. त्यात बेकायदा काहीच नाही. आमच्या रॅकवरच्या ब्रॅकेटमध्ये तरी कुठे होतं?

पुतण्याला ते लागलं असावं. पुढच्या महिन्यात त्यानं तेच मॉडेल वापरणारा एक डिलिव्हरीचा पोरगा गाठला, चाकणमध्ये आंबेठाण चौकात. गाडी बावीस हजार किलोमीटर पळालेली. तिच्यावर त्यानं दिवसभर फिरून व्हिडिओ केला. एका चार्जमध्ये कंपनीच्या छापील आकड्याच्या जेमतेम पाऊण अंतर निघालं. पुढचं मडगार्ड खडखडत होतं. मला तो व्हिडिओ फार आवडला. आणि व्हिडिओच्या शेवटी तो डिलिव्हरीचा पोरगाच म्हणतो, "दादा, पण मी हिच्यावर दोन-दोन पोती नेतो आणि खड्डा चुकवत नाही. तुमच्या काकांनी घेतली तर दहा वर्षं खडखडणार नाही." म्हणजे हाही नग निवडलेलाच, फक्त ढिगाच्या दुसऱ्या टोकाचा. माझं तोंड तिथे बंद झालं. पहिल्या व्हिडिओच्या दहाव्या हिस्स्याइतक्याही लोकांनी तो पाहिला नाही. त्यानंतर त्या कंपनीनं पुतण्याला नवी गाडी पाठवलेली नाही. रागावले असं कुणी म्हणालेलं नाही, नुसता फोन येत नाही.

आणि एवढं सगळं ज्याच्या घरात चालतं त्याच्या घरातला मिक्सर.

जुना मिक्सर जळाला. सुनेनं ऑनलाइन बघून, साडेचार तारे, हजारो अभिप्राय, असा एक मागवला. खोक्यात मिक्सरच्या आधी हाताला लागलं ते एक रंगीत कार्ड. पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, दोनशे रुपये मिळवा. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये मानक काढलं आहे, आयएस १९०००, त्यात असले विकतचे अभिप्राय चालत नाहीत, असं मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. ते मानक पाळायचं की नाही हे ऐच्छिक आहे, हेही सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

तीन महिन्यांत चटणीच्या भांड्याखालचा कपलर झिजला. खोबरं नुसतं गरगरायचं. मी म्हटलं, आता आपण खरा अभिप्राय लिहूया, एक तारा, कपलरच्या फोटोसकट. सुनेचा फोन मागितला. ती सासूकडे बघायला लागली. सासू पोळ्यांकडे.

ज्या दिवशी खोकं उघडलं त्याच संध्याकाळी, मी बँकेत गेलो असताना, सुनेच्या खात्यावरून पाच तारे गेले होते. मजकूर बायकोनं सांगितला होता आणि सुनेनं टाइप केला होता: "उत्तम मिक्सर, वाटण बारीक होते, आवाज कमी." तेव्हा मिक्सर अजून प्लगलाही लावला नव्हता.

"अहो, दोनशे रुपये होते," बायको म्हणाली.

मी पाचाचा एक तारा करून दिला. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा मेसेज आला, अभिप्राय पूर्ववत केलात तर कपलर मोफत पाठवू. बायकोनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, की बाजारात कपलर केवढ्याला मिळतो?

चौकशी केली. साठ रुपयांना मिळाला, पिंपरी कॅम्पात. त्यावरचं प्लास्टिक बऱ्या दर्जाचं वाटलं. दुकानदारानं डब्यातून पहिला हाताला लागला तो पुढे केला, तर मी तो ठेवून डब्याच्या तळाचा काढून घेतला.